पंचेचाळीसची रेकॉर्ड, तेहतीसवर

माझ्या बापाला वेडा ठरवून त्याचा रेकॉर्ड प्लेयर घरातून काढला.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. म्हणून लिहिते आहे.
नातेवाईक वाचतील. वाचू द्या.

बाबा जन्मभर राईस मिलमध्ये मशीनवर होते. मिलच्या आवाजानं कान गेले, पण सगळे नाही गेले. बारीक आवाज गेला, जाड राहिला.

कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही. नातीची हाक यायची नाही.
ट्रकचा हॉर्न, म्हशीचं ओरडणं आणि माझ्या भावाचं खेकसणं मात्र बरोबर यायचं.

कानाची मशीन आणली होती. म्हणाले, यात पुन्हा मिलच चालू आहे. काढून ठेवली.

केशोरी गावच्या आमच्या घरी एक जुना प्लेयर होता. त्याला स्पीडचा खटका. मोठी रेकॉर्ड ३३ वर, लहान ४५ वर, आजोबांच्या काळची जाड काळी ७८ वर. खटका चुकला की माणूस एकतर चिमणीसारखा बोलतो, नाहीतर झोपेत बरळल्यासारखा.

आईची आवडती एक लहान रेकॉर्ड होती, देवीच्या भजनाची. गाणारी बाई फार बारीक आवाजाची. सकाळी आई दिवा लावायची आणि बाबा रेकॉर्ड लावायचे.
आई गेली. मग दिवाही बाबाच लावू लागले.

एकदा मी माहेरी गेले तर देवघरातून पुरुषाचा आवाज. कुणी थकलेला बुवा ओढत ओढत भजन म्हणतो आहे असा. आत पाहते तर तीच रेकॉर्ड. खटका ३३ वर.

मला वाटलं, नजर गेली, चुकून लागलं. मी ४५ करायला गेले तर बाबांनी हात धरला.

"राहू दे वो बाई. पंचेचाळीसवर ते मले आयकूच येत नाही. तेहतीसवर आवाज जाड होते, मंग येते."

मग म्हणाले, "तुही माय म्हने ते सब्द तेच हायेत ना. बाई म्हनो का बुवा म्हनो."

त्या दिवसापासून मलाही तो बुवाच बरा वाटू लागला.

गल्लीला नाही वाटला. माझ्या भावाला, दादाला, लोक चौकात विचारायचे, "काहो, तुमच्या घरच्या देवीले मिशा आल्या का?"

बाबांनी मला जे सांगितलं ते मी दादाला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, तूही त्यांच्यातलीच.

मग दादाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले. दिवेलागणीची वेळ. बाबांनी दिवा लावला, आणि आज घरात पाहुणे आहेत म्हणून रेकॉर्डही लावली. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. जाताना एकानं हळूच विचारलं म्हणे, म्हाताऱ्याचं डोकं ठीक आहे ना?

सोयरीक जुळली नाही. घरात कुणालाच शंका नव्हती, दोष रेकॉर्डचा.

त्याच आठवड्यात प्लेयर गेला. इकडे सडक अर्जुनीला, हायवेवरच्या एका ढाब्यात, शोभेला. बाबांना नवा मोबाईल आला.

दादाचा मला फोन. "तू तं मोठी हिशोबी. घरातली अडगळ गेली, बाबाले मोबाईल आला. सांग, तोटा कोनाचा झाला?"

मी मॅट्रिक शिकलेली बाई. घरात पाव किलो साखर आली तरी लिहून ठेवते. पण हा तोटा कुठे मांडायचा ते मला आजही कळलेलं नाही.

दादानं मोबाईलवर तेच भजन शोधून दिलं. मी तिथेच होते. बाबा म्हणाले, हळू कर. त्यानं हळू केलं.
पण मोबाईलमध्ये हळू केलं की बाई नुसती सावकाश गाते. आवाज बारीकच राहतो, जाड होत नाही.

बाबांनी मोबाईल या कानाला लावला, मग त्या कानाला. मग परत दिला.
"हे काई बोलूनच नाही राहिलं."

दादा खेकसला. "हळू करून देल्लं ना? आता मीच गाऊ का?"

बाबांना ते बरोबर ऐकू आलं. त्याच्याकडे पाहून म्हणाले,
"तू गाशीन तं आयकू येईन."

दादा उठून बाहेर गेला.

नंतर मी बाबांना त्या ढाब्यावर घेऊन गेले. रेकॉर्ड पदराखाली धरून. मालक भला माणूस, म्हणाला, लावून बघा की.
लावायला होतं काय? आतली मोटर काढून बल्ब बसवला होता. वर बडीशेपेची वाटी.

बाबांनी खटका ३३ वर नेऊन ठेवला. म्हणाले, "चाल बाई."

त्यानंतर त्यांनी गाण्याचं नाव काढलं नाही. घरचे म्हणायचे, एवढा महागाचा मोबाईल दिला, हात लावत नाहीत.

आज सकाळी दादाचं स्टेटस पाहिलं. बाबांचा फोटो, कोपऱ्यात रेकॉर्डचं चित्र, खाली लिहिलंय 'संगीतप्रेमी'. आणि मागे तेच भजन, बारीक आवाजातलं.

दादा, हे त्यांना जिवंतपणीच ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी वर्षश्राद्धाच्या जेवणाला तू साऊंड लावणार आहेस असं कळलं. लाव. मी येईन, पानं वाढीन, देवापाशी दिवाही मीच लावीन.
त्यानंतर दोन मिनिटं तो साऊंड बंद कर आणि आईचं भजन तू म्हण. शब्द तुला पाठ आहेत, लहानपणापासून ऐकलंस.

तुझा आवाज जाड आहे.

बाबा, रेकॉर्ड माझ्या देवघरात जपून ठेवली आहे.
तुमच्या लेकीचा नमस्कार घ्या.