आतल्या खोलीतला सर्व्हर

‘गेम अडकतोय’ हे शब्द आजही कानावर पडले की माझं डोकं फिरतं. दोन हजारनंतरची ती वर्षं. कोल्हापुरात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघत होते, तसा मीही घराच्या पुढच्या दोन खोल्यांत एक काढला. भांडवल वडिलांचं, अक्कल माझी, असं मी तेव्हा समजत होतो. बाहेरच्या खोलीत खेळायची मशीन होती आणि पडद्यामागं आतल्या खोलीत सर्व्हर. सगळ्यांत दांडगं मशीन तेच. बाकीची वायरनं त्याला जोडलेली. पोरं बाहेर बसून एकमेकांवर बंदुका झाडायची आणि कोणाची गोळी कोणाला लागली याचा निवाडा आत सर्व्हर करायचा. गिऱ्हाइकाचा हात लागू नये म्हणून तो आत ठेवला होता. घरच्यांचा लागेल, हे डोक्यातच आलं नाही.

सुट्टीच्या दुपारी सामने व्हायचे. शिरोली एमआयडीसीत कामाला असलेली पोरं एका बाजूला, कॉलेजची दुसऱ्या बाजूला. कॅफे चालायचा तो या सामन्यांवर, आणि एका उन्हाळ्यात नेमके तेच बिघडायला लागले. समोरचा गडी पळता पळता थिजायचा आणि एकदम भिंतीपलीकडं उगवायचा. नेम धरून गोळी मारावी, तर मारणाराच मरून पडलेला असायचा. पोरं कीबोर्ड आपटायची, एकमेकांचा उद्धार करायची आणि मग माझ्याकडं वळायची. पलीकडच्या गल्लीत नवा कॅफे निघालाय, तिथं गेम कसा मस्त चालतोय, हे मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची. ही पोरं गेली की माझा कॅफे बसला, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी हात धुऊन त्या बिघाडाच्या मागं लागलो. वायरी बदलल्या, त्यांची टोकं नव्यानं दाबून बसवली. सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात तो डबा जुना झाला होता, तो काढून नवा आणला. व्हायरस असेल म्हणून एकेक मशीनमधलं सगळं पुसून पुन्हा भरलं. विजेचा दाब कमी पडतोय म्हणून वायरमनचे पाय धरले. एवढं सगळं करून इतर दिवशी गेम झकास चालायचा आणि सुट्टीच्या दुपारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

त्याच दुपारी कसबा बावड्याहून दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जेवायला यायचे. जेवण झालं की वडील त्यांना आतल्या खोलीत पंख्याखाली, सर्व्हरपुढं बसवायचे. जावयाला बाहेर पोरांच्यात कसं बसवणार? कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसतात, असं वडील सांगायचे. पडदा ओढलेला असायचा आणि चहा घेऊन आत जायचे ते फक्त वडीलच. मी बाहेर टेबलाखाली गुडघ्यांवर बसून वायरी चाचपत असायचो. मशीनवर संशय घेतला, विजेवर घेतला, पोरांवरसुद्धा घेतला. जावयावरही संशय घेता येतो, हे आमच्या रक्तातच नाही.

एकदा वडील परगावी गेले होते म्हणून चहा घेऊन मी आत गेलो. दाजी पत्ते खेळत नव्हते. फावल्या वेळात ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. त्या कॅसेटी माझ्या सर्व्हरवर उतरवून त्यांच्या सीड्या बनवणं चाललं होतं. हे काम मशीनचा सगळा जीव खातं. आत कुणाच्या तरी पोरीची पाठवणी चालली होती आणि बाहेर पोरं माझ्या नावानं बोंबलत होती. मी शक्य तितक्या नरमाईनं म्हणालो, हे काम सामने संपल्यावर केलंत तर बरं होईल, मशीनला झेपत नाही. दाजींनी कॅसेटी पिशवीत भरल्या, चहाला हात न लावता चपला घातल्या आणि गेले. बाहेर गेम लगेच सुरळीत झाला. मी सगळीकडं शोधत होतो तो बिघाड माझ्यासमोर चपला घालून निघून गेला, आणि मला आनंद झाला.

आनंद वडील परत येईपर्यंतच टिकला. जावयाला बसल्या जागेवरनं उठवलं, ही बातमी बावड्याहून त्यांना आधीच पोचली होती. मी त्यांना मशीनवरचा लोड समजावून सांगायला लागलो, तर ते मध्येच म्हणाले, “तुजा गेम अडकला तर पोरं जात्यात. जावई रुसला तर पोरगी परत येती.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्व्हर टेम्पोत घातला, वर नारळ आणि टॉवेल-टोपी ठेवली आणि जावयाच्या घरी पोचता केला. उरलेल्या मरतुकड्या मशीनपैकी एकाचा मी सर्व्हर केला. मग गेम रोजच अडकायला लागला. पोरं पलीकडच्या गल्लीत गेली, मी शटर ओढलं, आणि पोराला धंद्यातलं काही कळत नाही, हे वडिलांनी भावकीत स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढं कधीतरी बहिणीकडं गेलो. पुढच्या सोप्यात सर्व्हर होता, त्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर प्लास्टिकची फुलं. दाजींनी तो एकदाही चालू केला नव्हता. सीड्या आता दुकानातनं करून घेत होते. दाजी बाहेर गेलेले बघून मी बहिणीला म्हणालो, नुसता पडून आहे, मी परत नेतो. तिनं रुमालाची घडी सारखी केली.

“ने की,” ती म्हणाली. “पर मग त्याच्यासंगट मलाबी न्या म्हणत्याल.”