आईचं फुकटचं तिकीट आणि माझं बजेट

मी आमच्या घराचं बजेट मांडलं आणि आई फिरायला निघून गेली.

निपाणीतल्या आमच्या घरात माणसं चार. आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी, आई घर बघते, आक्का मशीनवर ब्लाउज शिवते आणि मी चळवळीत. म्हणजे महागाईविरुद्ध पत्रकं लिहितो, चौकात वाटतो, निपाणी कर्नाटकातून महाराष्ट्रात जावी म्हणून सभेत बोलतो आणि जेवायला घरी येतो. (शेवटच्या मुद्द्यावर आप्पांचा आक्षेप होता.)

एका सकाळी त्यांनी चष्मा लावून माझं ताजं पत्रक वाचलं. 'गोरगरिबांच्या ताटावर डल्ला मारणाऱ्यांनो, हिशेब द्या!'

"तूच दे की हिशेब," आप्पा म्हणाले. "एक महिना घर चालव. पगार तुझ्या हातात देतो. पुरला तर कर चळवळ, मी तोंड उघडणार न्हाय. न्हाय पुरला तर एक तारखेपासनं वखारीत तंबाखू मापाय काट्यावर बसायचं."

"मंजूर!" मी गरजलो. श्रोते तिघंच होते, तरी गरजलो.

कोपऱ्यावरचा दुकानदार आम्हाला लुटतोय, हे मला आधीपासूनच माहीत होतं (मी त्याला कधी भाव विचारला नव्हता, ते सोडा). स्वस्त माल परगावी. पण जायचं भाडं? आणि तिथंच मला क्रांतीचा मार्ग दिसला! कर्नाटकात सरकारी बसला बायकांना भाडं नाही आणि आमच्या घरात दोन बायका, आधार कार्डासकट! भाजी चिकोडीची, मिरची संकेश्वरची, डाळ-तेल बेळगावचं. वाहतूक खर्च शून्य!

"आई, उद्या तू आणि आक्का चिकोडीला जायचं."

"मी? आन् सैपाक?"

"बाईला चुलीला बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा मी धिक्कार करतो!"

"ते कर," आक्का म्हणाली, "पर भात कोण लावणार?"

असले किरकोळ प्रश्न मी पत्रकातही घेत नाही.

पहिल्या दिवशी दोन पिशव्या भरून भाजी आली, ती खरंच स्वस्त होती. मी आप्पांकडं विजयी नजरेनं पाहिलं. संकेश्वरहून मिरची आली, पण अंधार पडल्यावर. बेळगावहून डाळ निम्मीच आली, सोबत तिथली खव्याची मिठाई, कुंदा.

"हे काय?"

"दुकानावरनं जाताना वास आला," आई म्हणाली. "मी कदी तिथं जाऊन घेतलाच नव्हता रं."

कुंदा मी डाळींच्या खात्यात टाकला.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या शांताकाकू त्यांना सामील झाल्या आणि पिशव्या नेणंच बंद झालं.

"आज गोकाकला चाललोय, धबधबा बघाय."

"तिथं स्वस्त काय मिळतं?"

"पाणी," आक्का म्हणाली, आणि तिघी निघाल्या.

इकडं घरात दूध रोज उतू जाऊ लागलं. कुकरनं मला एकदाही शिट्टी दिली नाही, नुसता वास दिला. शेवटी आप्पांचा आणि माझा डबा खानावळीतून सुरू केला आणि माझ्या शून्य भाड्याच्या योजनेनं पगार गिळायला सुरुवात केली. त्यात आक्काची शिलाईची कमाईही थांबली. एक बाई अर्धवट ब्लाउज नाचवत दारात आली.

"उद्या माज्या भावाचं लगीन हाय! ह्याला बाह्या कुठं हाईत?"

"ताई, ही कष्टकरी स्त्रीच्या हक्काच्या रजेची..."

"बाह्या कुठं हाईत?"

माझ्याकडं नव्हत्या.

त्या संध्याकाळी आई पायरीवर चपला काढत होती, तेवढ्यात मी भाषणाच्या आवाजात सुरू झालो, "आई, ह्याला उधळपट्टी म्हणतात!"

"तिकीट कुठं पडलं?"

"पण रोज? याआधी तर तू कुठं म्हणून जात नव्हतीस!"

आई पदरानं तोंड पुसत बसली. "तुजं आप्पा दर जत्रेला इचारायचं, येतीस का म्हणून. मी म्हणायची, नगं, गुडघं दुखत्यात. गुडघं कुठं दुखत हुतं? माजं जाणं न्हाय झालं, की त्या पैशात तुमास्नी वह्या येत हुत्या."

आतल्या खोलीत आप्पांच्या हातातला पेपर खाली आला.

महागाई या विषयावर मी इतकं लिहिलं, पण घरात सगळ्यात जास्त कपात कुणाच्या वाट्याला येते, हे कधी लिहिलं नव्हतं. कपात म्हटलं, की आम्हाला तेल, साखर, गॅस आठवतो. आमच्या घरी मात्र एक बाई वर्षानुवर्षं उंबऱ्याआत राहिली आणि त्या शिलकीवर आमचा संसार चालला. त्या कपातीला कधी खातंच नव्हतं. आम्ही सगळे तिला घरबशी समजत होतो, इतकंच. आणि मी, समतेचा सैनिक, त्याच बाईला दोन पिशव्या देऊन हमाल करायला निघालो होतो!

"बरं, मला एक सांग," आईनं विचारलं, "तू सभेत म्हणतुस, आपुन महाराष्ट्रात गेलं पायजे. तिकडं बायकास्नी अर्दं तिकीट पडतंय म्हनं. खरं व्हय?"

या मुद्द्यावर मी अजून पत्रक काढलेलं नाही.

महिना संपायला दोन दिवस होते, तेव्हा पगार संपला. आई, आक्का आणि काकू सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेल्या होत्या. जा, असं या खेपेला मीच म्हणालो होतो. खानावळवाल्यानं डबा थांबवला. मग मी मन घट्ट केलं, भात लावला आणि वखारीच्या काट्याची मानसिक तयारी ठेवून ताट आप्पांपुढं सरकवलं.

आप्पांनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावला. मग पाणी प्यायले. मग पुन्हा चावला, तोच घास.

"आप्पा, हरलो मी," मी म्हणालो. "एक तारखेला येतो काट्यावर."

"नगं," आप्पा घाईघाईनं म्हणाले. "ज्याला भाताला पानी किती ते कळंना, त्याला मी तंबाखू मापाय बसवू? मालक मलाबी हाकलंल. तू आपली पत्रकंच काड."

आमच्या घरातून चळवळीला मिळालेला हा पहिला जाहीर पाठिंबा. जे माझ्या पत्रकांना कधी जमलं नाही, ते भातानं एका घासात करून दाखवलं!