ऑइलपेंटचा देव

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बँकेत साहेब होते आणि काही महिने विलायतेला राहून आले होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी सुरतेतल्या आम्हा मराठी माणसांना बरीच वर्षं छळलं. तिकडे म्हणे लोक माळावर डबे लपवतात. डब्यात रबरी शिक्का असतो, डबा सापडला की तो आपल्या कार्डावर उमटवायचा. खाऊनपिऊन सुखी माणसांना उन्हात चालायला काहीतरी निमित्त लागत असावं.

सत्तरच्या आसपास एका मे महिन्यात त्यांनी हाच खेळ आमच्यासाठी काढला. जागा निवडली सोनगडच्या बाजूची एक उघडीबोडकी टेकडी, जिथे शेळीसुद्धा दुपारी जाणार नाही. तिचं नाव ठेवलं ‘मायावी वाळवंट’. वाटेवर चेटकिणीची विहीर, राक्षसाची गुहा आणि सगळ्यात वर परीचा महाल. विहीर म्हणजे खड्डा, गुहा म्हणजे दोन दगड, आणि महाल म्हणजे पळसाच्या झाडाखालचा एक धोंडा. सगळे शिक्के मिळवणाऱ्याला स्टीलचा डबा बक्षीस.

माझे वडील लूमच्या कारखान्यात हिशेबनीस. मंडळात त्यांचं काम अध्यक्षांच्या मागे पिशवी धरून चालायचं. तिथे तोंडातून शब्द नाही, त्याचा वचपा घरी निघायचा. मी मॅट्रिकला बसले होते आणि मला कॉलेजात जायचं होतं. त्यांनी भुसावळचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. आईने विषय काढला की ते ताटावरून उठायचे. पुढे कोण बोलणार?

अध्यक्षांच्या हुकमावरून आदल्या दिवशी जाऊन डबे लपवले ते वडिलांनीच. शेवटचा डबा वरच्या धोंड्याखाली सारला आणि तो धोंडा लांबून दिसावा म्हणून त्यांनी त्याला ऑइलपेंट फासला. कारखान्यात शेंदरी रंग उरला होता, तोच नेला. मराठी माणसांना झाडाखालचा शेंदरी धोंडा दाखवून तो उचला म्हणायचं, ही अक्कल त्या दोघांचीच.

बायका आधी वर पोचल्या, कारण पुरुष खालच्या खड्ड्यात नियमांवरून भांडत होते. मीही बायकांबरोबर होते. धोंडा दिसताच सगळ्यांनी चपला काढल्या. कुणी पर्समधून कुंकवाची डबी काढली, कुणी आम्ही आलो त्या ट्रकपुढे फोडून उरलेला नारळ वाढवला. अध्यक्षांच्या पत्नीने तर लेकाच्या बढतीसाठी नवसही बोलून टाकला. मग पुरुष आले. गणिताचे एक मास्तर एरवी देवधर्माची टिंगल करायचे, त्यांनीही हात जोडले. डब्याचं नावही कुणी काढेना.

अध्यक्ष घाम पुसत उभे राहिले. “अहो, हा तर...” एवढंच म्हणाले आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाले. साहेब गप्प, म्हणून वडील गप्प.

तेवढ्यात आई पुढे झाली. पदर खोचून तिने धोंड्याला कुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “देवा, माझी पोर पास होऊन कॉलेजात गेली, तर ह्यांच्या हातून तुला नारळ देईन.”

बायका म्हणाल्या, देणारच हो देव. मास्तरांनी वडिलांची पाठ थोपटली. वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि मी तो पोटभर बघून घेतला. दगड खोटा म्हणावं तर साहेबांच्या बायकोचा नवस खोटा पडतो. नाही म्हणावं तर चारचौघांत देवाला बोललेला शब्द मोडतो. त्यांनी मान हलवली.

घरी आल्यावर मला राहवेना. मी आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, अगं, तो देव नव्हता, बाबांनी रंगवलेला दगड होता. ती भाकरी थापत म्हणाली, “माले काय समजत नही का? काल ह्यांच्या सदऱ्यावरचे डाग मीच घासले रॉकेल लावून.”

मी पास झाले. भुसावळला नकार कळवला तो वडिलांनीच, आणि अध्यक्षांना सांगितलं की पोरीने शिकावं असं त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. पावसाळा सरल्यावर आईने त्यांना नारळ घेऊन टेकडीवर नेलं, मीही गेले. धोंड्यावर आता खराखुरा शेंदूर चढला होता, पुढे हिरव्या बांगड्या ठेवलेल्या होत्या. वडील चपला काढून उभे राहिले. “नीट हात जोडा,” आई म्हणाली, आणि त्यांनी नीट जोडले. धोंड्याखाली परीचा डबा आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यांनी नारळ फोडला आणि माझ्याकडे न बघता खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.