बॉनेटवरचा भंडारा
पौषातलं धुकं अजून उसावरून उठलं नव्हतं. कृष्णातनं गोठ्यातलं शेण काढलं, बैलांना वैरण टाकली आणि पान्हे घेऊन तो मोटारीखाली शिरला.

मोटार म्हणजे लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली स्टेशन वॅगन. सगळं घर एकदम बसेल एवढी. लिलावात ती घेतली होती जतच्या बिराप्पा धनगरानं, आणि दिवाळीत त्यानं ती कृष्णातला विकली. दोघं एकाच तुकडीतले ड्रायव्हर, इराणात एका ताटात जेवलेले. सौद्याच्या वेळी कृष्णातनं गिअरबॉक्स बघायला पान्हा काढला, तसा बिराप्पानं बॉनेटवर भंडारा ठेवून तो उचलला. म्हणाला, "बिरोबाची आण. गाडीत खोट न्हाई." भंडारा उचलल्यावर झाकण कोण उघडणार? पान्हा परत खिशात गेला.

मग रेडिएटर गळायला लागला. तो सांगलीतनं डाग मारून आणला. स्प्रिंगचे पाटे तुटले. बॅटरी बसली, तिच्यात बायकोच्या, अंबूबाईच्या पाटल्या गेल्या. "जुनी मोटार, चालायचंच," असं कृष्णात बायकोला सांगायचा. बिराप्पाला त्यानं कधी बोल लावला नाही.

काल मिरजेहून येताना गिअर लय ओरडायला लागले, म्हणून आज त्यानं झाकण खोललं. दात झिजले होते. त्याचं काही वाटलं नाही, दात झिजायचेच. पण दातांच्या मधे ग्रीसात कालवून काहीतरी काळं, चिवट ठासलं होतं.

अंबूबाई चहा घेऊन आली. "आवं, काय हे?"

"इकताना दात वाजू नयेत म्हणून भरत्यात."

तिनं ते चिमटीत धरून राखेनं पुसलं. "लोकर हाय की ही." आणि तिनं नवऱ्याच्या खांद्यावरच्या घोंगड्याकडं बघितलं. ते बिराप्पानंच दिलेलं, त्याच्याच मेंढरांचं.

बिराप्पाची मेंढरं कालपासून खतासाठी कृष्णातच्याच तुटल्या उसाच्या रानात बसली होती. कृष्णात तिकडं गेला आणि त्यानं लोकरीचा गोळा पुढं धरला.

"लिलावात घेतलीस तवाच ही आत होती म्हण. मी इश्वास ठेवतो."

बिराप्पा काठीनं ढेकूळ फोडत राहिला. "मिस्त्री म्हणला, नवा गिअरबॉक्स म्हंजी निम्म्या गाडीचं पैसं. कुठनं आणू?"

"मला सांगायचंस."

"सांगितल्यावर घेतली असतीस व्हय?"

"घेतली असती रं. दोघांनी मिळून चालवली असती."



"भंडाऱ्याचं बिरोबाशी मी बघून घीन," बिराप्पा म्हणाला.

"आन माझ्याशी?"

बिराप्पानं काठी उचलून मेंढरांकडं बघितलं. त्यानं विचारलं, "मेंढरं हलवू का?"

"ऱ्हाऊ दे. ठरलंय तेवढ्या राती बसू देत. मी शब्द दिलाय."

कृष्णात घरी आला. घोंगडं काढून त्यानं दावणीच्या खुंटीला अडकवलं, उघड्या गिअरबॉक्सवर पोतं टाकलं आणि बैल सोडून मोट धरायला विहिरीकडं निघाला.