लाईनचं चॅनल

आमच्या घरच्या टीव्हीवर एक चॅनल होतं, जे आणखी कुठल्याही टीव्हीवर दिसत नसे. त्याचं नाव ‘लाईन’. त्यावर ना चित्र, ना आवाज. कार्यक्रमांच्या यादीत सगळ्यात खाली त्याची एक ओळ असायची, एवढंच. पण गावातली माणसं खिडकीतून डोकावून विचारायची, “बाई, लाईनच्या चॅनलवर काय हाय आज?”

ते चॅनल माझ्या थोरल्या भावाचं. दादाने डिप्लोमा केला होता, पण वडील लवकर गेले आणि आठ एकर वावर त्याच्या गळ्यात पडलं. बीटी कपाशीची पहिली दोन-तीन वर्षं चांगली गेली, तेव्हा गावात ज्याच्या-त्याच्या घरी काहीतरी नवं आलं. कुणी मोटरसायकल घेतली, कुणी स्लॅब टाकला. दादाने अकोल्याहून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवला, त्यात टीव्हीचं कार्ड बसवलं आणि तो टीव्हीखालच्या फळीवर ठेवून दिला. आता कुठलाही कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड होणार, असं त्याने जाहीर केलं. आई म्हणाली, त्यापेक्षा न्हाणीघराला दार बसव. दार त्याने पुढच्या वर्षी बसवलं.

दादा असा होता की कुठल्याही वस्तूसोबत आलेला कागद आधी पूर्ण वाचायचा. बीटीच्या पिशवीबरोबर साध्या कपाशीची एक छोटी पुडी यायची, ती वावराच्या कडेने पेरा असं लिहिलेलं असायचं. अख्ख्या शिवारात ती पुडी कुणी पेरत नसे. दादा पेरायचा, चारही बाजूंनी ओळी मोजून. लोक त्याला हसायचे, तोही हसायचा.

टीव्हीच्या कॉम्प्युटरची गंमत अशी की त्याला स्वतःहून काही ठाऊक नसे. पडद्यावर डावीकडे चॅनलांची नावं, वर वेळा आणि मधल्या चौकोनांत कार्यक्रम. ही माहिती दर आठवड्याला भरावी लागे, नाहीतर चौकोन रिकामे राहत आणि काहीच रेकॉर्ड होत नसे. भरायचं काम माझ्याकडे होतं. मी चिखलीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, अमडापूरपर्यंत काळीपिवळी आणि पुढे एसटी. क्लासमध्ये इंटरनेट होतं. शनिवारी तिथून फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि रविवारी सकाळी घरी चढवायची. हिंदी चॅनलांची माहिती आयती मिळे. सरकारी मराठी चॅनलची कधीच मिळाली नाही. ती मी रविवारच्या पेपरात बघून एकेक ओळ टाइप करायची, कारण आईची मालिका आणि दादाचा शेतीचा कार्यक्रम नेमके त्याच चॅनलवर. एकदा मालिकेची वेळ अर्ध्या तासाने चुकवली तर आई दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

त्यातच दादाच्या डोक्यातून हे लाईनचं चॅनल निघालं. वावरातल्या विहिरींवरच्या मोटारींची लाईन, म्हणजे वीज, घरच्यापेक्षा वेगळी असते. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची, आणि अधूनमधून तासांत फेरफार. दादा म्हणाला, जे लोक मालिकेची वेळ विसरत नाहीत ते लाईनची का विसरतात, तर ती टीव्हीत नसते म्हणून. त्याने यादीत एक खोटं चॅनल तयार केलं. चौकोनात कार्यक्रमाच्या जागी ‘लाईन आहे’ किंवा ‘लाईन नाही’. खाली कार्यक्रमाची माहिती द्यायची जागा असते, तिथे तो काहीबाही लिहायचा. ‘लाईन आहे. कुटुंबासह अवश्य बघा.’ गावात या चॅनलची फार चर्चा झाली. काही दिवसांनी तेही भरायचं काम माझ्याकडेच आलं.

ज्या वर्षाबद्दल लिहायचं आहे त्या वर्षी पावसाने मोठी दडी मारली आणि कपाशीवर लाल्या आला. पानं लाल होऊन झाड जागच्या जागी थांबलं. बोंडं लिंबाएवढीही झाली नाहीत. चारही बाजूंच्या साध्या कपाशीच्या ओळी आणि आतली बीटी, सगळं एकाच रंगाचं. विहिरीत थोडं पाणी होतं, ते दादा देत राहिला. संध्याकाळी घरी येऊन शेतीचा कार्यक्रम लावायचा आणि तो संपला तरी पडद्याकडे बघत बसायचा. मी विचारलं तर म्हणायचा, “काई नाई, थकलो.” मला ते पटलं. थकलेला माणूस तसाच दिसतो.

त्या रविवारी मला मैत्रिणीच्या लग्नाला जायचं होतं. घाईघाईत फाईल चढवली, सरकारी चॅनल टाइप केलं, आणि लाईनच्या चॅनलसाठी मागच्या आठवड्याचे चौकोन उचलून या आठवड्यावर चिकटवले. वेळा नंतर बदलू म्हटलं. मागचा आठवडा रात्रीच्या पाळीचा होता, हा दिवसाच्या. पडद्यावर ‘माहिती अद्ययावत झाली’ असं आलं आणि मी साडी नेसायला उठले. नंतर वेळा बदलायचं राहून गेलं.

सोमवारी सकाळी मी डबा भरत होते. दादा पायांत चपला घालून दारात उभा होता. त्याने विचारलं, “लाईन कव्हा हाय वं आज?” मी न बघताच म्हणाले, “चॅनलवर पाह्य ना.” तो परत आत आला, रिमोट दाबला आणि यादीत खालपर्यंत गेला. सोमवारच्या चौकोनात दिवसभर ‘लाईन नाही’ होतं. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला. मग “हाव” म्हणाला आणि निघून गेला.

अकराच्या सुमारास शेजारच्या वावरातल्या माणसाला तो विहिरीजवळ पडलेला दिसला. मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडी होती. आधी चिखलीला नेलं, तिथून अकोल्याला. दादा वाचला. उजव्या हाताची तीन बोटं भाजली होती, ती बरी झाली, पण मनगटापासून पुढचा हात बधिर झाला. हलायचा थोडासा, कळायचं मात्र काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, कदाचित येईल परत, कदाचित नाही.

अकोल्याहून तिसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे न्यायला घरी आले. घरात कुणी नव्हतं. मी पाय धुतले नाहीत की पाणी प्यायले नाही, आधी कॉम्प्युटर सुरू केला आणि लाईनच्या चॅनलच्या वेळा दुरुस्त केल्या. सोमवारसुद्धा. उलटून गेलेल्या दिवसाचा चौकोन दुरुस्त करून कुणाचं काय भलं होणार होतं? माझं होणार होतं. मग मी कपड्यांची पिशवी भरली आणि परत गेले.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस झुरतो. मी झुरले नाही. जेवत होते, झोपत होते, क्लासमध्ये मुलींना की-बोर्ड शिकवत होते. एकच प्रश्न डोक्यात बसून होता, दादाचा हात माझ्यामुळे गेला हे त्याला सांगायचं की नाही. सांगितलं तर भाऊ जाईल असं वाटे. नाही सांगितलं तर त्याला रोज ताटात डाव्या हाताने भाकर मोडताना बघावं लागे. मी बघत होते. आणि सांगत नव्हते.

बोल मात्र भलत्यालाच लागला. गावाने लाइनमनला धरलं, मधेच लाईन बंद करून त्यानेच न सांगता परत सोडली असणार म्हणून. तो बिचारा अर्धा डझन केळी घेऊन घरी आला, दाराशीच उभा राहिला आणि आईला म्हणाला, “काकू, पाळी दिवसाचीच होती. पंचायतीत कागद लावेल होता म्या.” आईने केळी घेतली नाहीत. मी तिथेच होते, उंबऱ्यापासून चार पावलांवर. तो माझ्याकडे बघत होता, कारण चॅनल मी भरते हे सगळ्यांना माहीत होतं. मी पदर खोचला आणि आत भांडी घासायला गेले. आजही तो माणूस बाजारात दिसला की मी रस्ता बदलते.

दर रविवारी माहिती भरणं मात्र मी सोडलं नाही. उलट आता मी सबस्टेशनला फोन करून वेळ विचारायची, पंचायतीतला कागद वाचायची, भरून झाल्यावर तीनदा तपासायची. दादा बाजेवर बसून बघायचा. वावराकडे तो फिरकत नव्हता. उरलीसुरली कपाशी बायांनी वेचली, पऱ्हाट्या आईने उपटून घेतल्या. दादाचा उजवा हात बाजेवर तसाच पडलेला असायचा. एकदा गरम चहाचा पेला त्याने त्या हातात धरला आणि बोलत बसला. आईने ओरडून पेला हिसकला तेव्हा त्याने तळहात बघितला. लाल झाला होता. तो म्हणाला, “बरंच हाय, चटका बसत नाई.” आई आत जाऊन रडली. मला रडू आलं नाही, आणि येत नाही याची लाजही वाटली नाही.

सहा महिने असे गेले. मे महिन्यातल्या एका रविवारी मी पेपर पुढ्यात घेऊन टाइप करत होते. आई आत पोळ्या करत होती. शेतीच्या कार्यक्रमाचं जुनं रेकॉर्डिंग आवाज बारीक करून चालू होतं. दादा बाजेवरून म्हणाला, “बाई, ते लाईनचं चॅनल काढून टाक आता.”

“काऊन?”

“कोन पाह्यते त्याले.”

एवढ्याशा वाक्याने काय झालं कोण जाणे. माझे हात की-बोर्डवर थांबले आणि तोंडातून सगळं बाहेर आलं. पाठ त्याच्याकडेच होती, त्यामुळे सोपं गेलं. लग्नाची घाई, मागच्या आठवड्याचे चौकोन, नंतर बदलू म्हटलेलं. अकोल्याहून येऊन चुपचाप केलेली दुरुस्ती. लाइनमनची केळी. “तुह्या हाताले मी जबाबदार हाय दादा,” मी म्हणाले, “तू मले काय बोलाचं ते बोल.”

मी वळले. तो माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता, चेहरा कसलीतरी अडचण झाल्यासारखा होता.

“वावरवाल्याले आपली पाळी टीव्हीत पाहा लागते का वं?” तो म्हणाला.

मला समजलं नाही.

“सोमवारी सकायपासून आजूबाजूच्या साऱ्या मोटारी चालू होत्या. आपल्या वावराच्या धुऱ्यावर आवाज येऊन राह्यला होता. लाईन हाय हे मले मालूम होतं, बाई.”

“मंग हात काऊन घातला?”

“कपाशी पाह्यली होती ना तू?”

पुढचं तो खालमानेने बोलला. घरी पडद्यावर ‘लाईन नाही’ पाहिलं तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं की हे मागच्या आठवड्याचं राहून गेलंय. आणि त्याला बरं वाटलं. “म्हटलं, लोकं म्हनतीन का अंदाज चुकला बिचाऱ्याचा. मायले बी तसंच वाटन. तिले दुसरं काई समजणार नाई.” मग तो म्हणाला, “आता नाई वाटत तसं. खरंच नाई वाटत.”

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला हलकं वाटलं. भाऊ मरायला निघाला होता हे ऐकून मला हलकं वाटलं, कारण दोष माझा नव्हता. एक श्वासभर. मग तो रविवार, ती साडी, ते अकोला, ते सहा महिने सगळे एकदम अंगावर आले, आणि इतके दिवस कुठे होता कोण जाणे, तो राग आला.

“अन् माह्यं काय?” मी म्हणाले. “तू गेला असता अन् मी ते चॅनल उघडून पाह्यलं असतं, मंग? कोनं भरलं होतं ते? जन्मभर मले काय वाटलं असतं, दादा?”

त्याने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत जे आलं ते बनवाबनवीचं नव्हतं. “तुह्यं,” तो म्हणाला, “माह्या डोक्यातच नाई आलं.”

एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. उजवा हात बाजेच्या कडेवर माझ्या पुढ्यात पालथा पडलेला होता. मी उठले आणि त्या हातावर होता-नव्हता तेवढा जोर लावून मारलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. बाज करकरली. माझा तळवा झणझणला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मला रडू फुटलं.

“काय पडलं वं?” आईने आतून विचारलं.

दादाने भिंतीकडून तोंड वळवून आधी फळीवरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हाव,” तो हळूच मला म्हणाला, “मायले काय सांगू, काय पडलं?”