दोन्ही रकान्यांत शून्य

त्या शाळेत सकाळचे तास घरच्या भाषेत आणि दुपारचे दुसऱ्या भाषेत व्हायचे. कुणाला कुठली भाषा कितपत येते, हे वर्षातून एकदा तपासायचं काम एका शिक्षिकेकडे होतं. मुलं त्यांना ‘मापवाल्या बाई’ म्हणायची. अकरा वर्षांत त्यांनी दिलेल्या गुणांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

तपासणी जिन्याखालच्या खोलीत चालायची. एका सकाळी दुसरीतली एक मुलगी समोर बसली. बाईंनी चित्र पुढे सरकवलं. बाजारात कुणाची तरी पिशवी फाटून कांदे रस्ताभर घरंगळत होते.

“काय झालंय इथे?”

मुलीनं चित्राकडे पाहिलं, मग बाईंकडे. तोंडातून अवाक्षर नाही. दुसऱ्या भाषेत विचारलं, तरी तेच. वेळ संपली. बाईंनी दोन्ही रकान्यांत शून्य लिहिलं. म्हणजे आता तिची रवानगी मागे पडलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गात. तिथल्या मुलांची पुन्हा तपासणी व्हायची नाही.

शाळा सुटल्यावर फाटकाशी तीच मुलगी आईला सांगत होती, “अगं, कांदे नुसते पळत सुटलेले! आणि मागून सायकलवाला येतोय, तो आपटणारच बघ!”

बाई जागीच थबकल्या. “मग मला का गं नाही सांगितलंस?”

मुलगी आईच्या मागे सरकली. “चित्र तुमच्यासमोरच होतं. तुम्हाला दिसत होतं की.”

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापिकांकडे गेल्या. “तिची तपासणी परत घेऊ द्या.”

“एकीला सवलत दिली तर उद्या रांग लागेल.”

“लागू दे. चुकलं ते माझं.”

या खेपेला बाई चित्राकडे पाठ करून बसल्या. “मला काही दिसत नाहीये, तूच सांग.” घरच्या भाषेत मुलगी थांबेचना. दुसऱ्या भाषेत अडखळली, पण गोष्ट शेवटपर्यंत नेली. तिचा वर्ग वाचला.

बाईंच्या मनाला मात्र चैन पडेना. त्यांनी जुन्या फायली काढल्या. दोन्हीकडे शून्य मिळालेली चौदा मुलं निघाली. त्यांतल्या दोघांचेच चेहरे आठवले.

“ती आता कुठल्या कुठे गेली असतील,” मुख्याध्यापिका समजुतीनं म्हणाल्या. “आणि काहींना खरंच येत नसेल.”

“कुणाकुणाला?”

मुख्याध्यापिकांनी हजेरीपट काढून पुढे सरकवला.

चौघं अजून शाळेत होती, त्याच वेगळ्या वर्गात. बाईंनी एकेकाला बोलावून, चित्राकडे पाठ करून, नव्यानं विचारलं. तिघं बोलली. चौथी मुलगी, आता सहावीच्या वयाची, मान खाली घालून बसून राहिली. तिला पहिल्यापासूनच बोलता येत नव्हतं, की चार वर्षं त्या वर्गात बसून ती गप्प राहायला शिकली होती, हे बाईंना काही केल्या कळेना.