शिंप्यानं बिघडवलेला सदरा

दामू गेल्याचा निरोप घेऊन त्याच्या भातगिरणीतला माणूस आला, तेव्हा मी पिशवीत दुसरी चादर कोंबत होतो. दोन दिवसांनी आम्ही दोघं माणिकगडावर मुक्कामाला जाणार होतो. "छातीत दुखलं आन् गेले," एवढंच तो म्हणाला. मी चादरीचं टोक हातात धरून तसाच उभा... आणि सांगायला लाज वाटते, पण मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता ही चादर बाहेर काढायला कोणी येणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या घरी यायचं, ओटीवर माझी पिशवी उपडी करायची आणि त्यातलं निम्मं सामान माझ्या बायकोच्या स्वाधीन करायचं, हा दामूचा शिरस्ता होता.

दामू पनवेलजवळच्या कोन गावचा. शाळेसाठी पनवेलला यायचा आणि माझ्या बाकावर बसायचा. तो काटकुळा, मी पहिल्यापासून भरलेला. बाक कलू नये म्हणून मास्तर मला मधोमध बसवत. पुढं मी कचेरीत कारकून झालो आणि त्यानं पनवेलात भातगिरणी घातली. गडांचं वेड त्याचं. मला त्यात त्यानं ओढलं, आणि मी ओढला गेलो तो माझ्या लग्नातल्या होल्डॉलसकट. कर्नाळ्याच्या त्या पहिल्या खेपेला मी त्यात गादी, उशी, मच्छरदाणी, परीटघडीची दोन धोतरं आणि थंडी पडलीच तर म्हणून कोट भरला होता. दामूच्या पाठीवर भाताच्या गोणपाटाची, दोन पट्टे शिवलेली पिशवी, लहानशा फणसाएवढी. त्यानं एस. टी. स्टँडवर माझ्या होल्डॉलभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"वसंता, सगलं दिसतंय. वयनी कुठं बसवलीस यात?"

तो होल्डॉल पायथ्याच्या एका झोपडीत ठेवावा लागला. वर मी दामूच्या दुसऱ्या धोतरात स्वतःला गुंडाळून कातळावर कुडकुडत पडलो, आणि सकाळी खाली येऊन पाहतो तर त्या घरातले आजोबा माझ्या गादीवर, माझ्या मच्छरदाणीत असे गाढ झोपलेले, की त्यांना उठवायचा धीर होईना.

त्यानंतर दामूनं मला कपडे बांधायला शिकवलं. इस्त्रीचा कपडा घ्यायचाच नाही. जमिनीवर धोतर पसरायचं, त्यावर सदऱ्याच्या बाह्या आत मुडपून ठेवायच्या, त्यावर चड्डी, आणि मग एका कडेनं आवळत, गुडघ्यानं दाबून आतली हवा काढत गुंडाळत न्यायचं. त्याची वळकटी अळूवडीच्या उंड्यासारखी घट्ट व्हायची. जे आधी लागणार ते बाहेर, जे शेवटी लागणार ते आत. सगळ्यात आत, मेणकापडात, एक कोरडा जोड. त्याला तो गाभा म्हणायचा. मुक्कामाला पोचेपर्यंत गाभा सोडायचा नाही, मग वाटेत आभाळ कोसळो. वरून काथ्याची गाठ, तीही त्याची स्वतःची, दुसऱ्या कुणाला न सुटणारी. "गरजंपेक्षा एक कपडा बी जादा घेशील तर तो पाठीव बसून तुला शिव्या देईल," असं तो मला दर वेळी ऐकवायचा.

मी ते शिकलो. प्रबळगडाच्या खेपेला माझी वळकटी इतकी सुरेख बांधली गेली होती, की मी ती बायकोला दोनदा दाखवली. जुन्या चादरीत बांधून दाराशी ठेवली आणि पहाटे घाईत उचलून निघालो. गडावर पाण्याच्या टाक्याशी तांब्या बुडवायला वाकलो, तो शेवाळावरून पाय सुटला आणि तांब्यासकट आत. दामूनं मला पंच्याला धरून बाहेर काढलं. दिवस थंडीचे, दात वाजताहेत. पण माझ्याकडे कोरडा गाभा आहे या ऐटीत मी गाठोडं सोडलं... आत बायकोची दोन पातळं, उशांचे अभ्रे आणि सासूबाईंचं लुगडं! दाराशी परटाला द्यायचं गाठोडंही तशाच चादरीत होतं. इकडे परटानं माझी वळकटी नेली, आणि चार दिवसांनी सगळं कडक इस्त्री करून आणून दिलं.

दामू हसून हसून खाली बसला. "लुगडं नेस. गडाव कोन बगतंय?" मग डोळे पुसत त्यानं आपला गाभा सोडला आणि एक सदरा माझ्या अंगावर फेकला. तो मला व्यवस्थित बसला. या काटकुळ्याचा सदरा मला कसा, असं मी विचारलं.

"शिंप्यानं माप चुकवलं. टाकवत नाय, म्हनून आनतो."

मला ते पटलं. मी कचेरीत शंकेखोर म्हणून प्रसिद्ध आहे, पण ते मला पटलं. पुढं दर खेपेला माझं काहीतरी व्हायचंच. कधी ओढ्यात बसायचो, कधी काटेरी कुंपणाला निम्मा सदरा द्यायचो, एकदा तर आमटीचं पातेलं अंगावर घेतलं. दर वेळी शिंप्यानं बिघडवलेला सदरा गाभ्यातून निघायचा. मी तो धुऊन परत द्यायचो आणि शिंपी बदलायचा सल्लाही द्यायचो.

दिवसकार्य झाल्यावर दामूच्या बायकोनं, वहिनींनी, मला कोनला बोलावून घेतलं. खुंटीवर माणिकगडासाठी भरलेली पिशवी तशीच होती. "त्यांची कापडं वाटायची हायत, भावजी," त्या म्हणाल्या. "पन ही गाठ माज्यानं सुटत नाय, आन् कापवत बी नाय." मलाही ती सोडायची नव्हती. ती सुटली की आमचं माणिकगडाला जाणं कायमचं संपणार होतं. पण वहिनी समोर बसून राहिल्या. मी नखं मोडून घेत ती कशीबशी सोडली. पंचा, धोतर, चड्डी... मेणकापडात दामूचा एक सदरा, आणि त्याच्या आत आणखी एक, नवा, न धुतलेला.

"त्यो नका वाटू," मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या. "त्यो ह्यांचा नाय, तुमचा. जुना आकसला की नवा शिवून आनायचे. म्या इचारलं तर म्हनायचे, सदरा नाय आकसत, माजा दोस्त फुगतो." आणि त्या हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. मग रिकामी पिशवी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "गडाव जायचं ऱ्हायलंय तुमचं. जाऊन या."

गेल्या आठवड्यात मी माणिकगडाला जाऊन आलो. पिशवी गोणपाटाचीच घेतली, चादर एकच. वळकटी त्याच्यासारखी घट्ट काही झाली नाही. आणि गंमत अशी, की त्या दिवशी मी कुठंही घसरलो नाही, भिजलो नाही, फाटलो नाही. सदऱ्याची काही गरज नव्हती. तरी वर पोचल्यावर गाभा सोडला आणि तो घातला. बटणं सगळी लागली. प्रबळगडापासून माझं पोट जेवढं पुढं आलं होतं, तेवढीच शिंप्याची चूकही पुढं आली होती.